पुन्हा भेटू

कापसाच्या एका बाजारपेठेत ख्रिस्ती मंडळीचे एक वृद्ध पाळक होते. त्यांच्या हाताखाली शिकण्यासाठी एक तरुण शिष्य येऊन राहिला होता. शिष्याची वाणी रसाळ होती. मरणानंतरच्या जीवनाविषयी तो बोलू लागला की लोक डोळे पुसत घरी जात. शोकावरचे औषध आपल्या हाती आले आहे, असे त्याला मनापासून वाटे.

त्या उन्हाळ्यात गावातल्या, कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या गोदामाला आग लागली. जिनिंगचा मालक मोठा व्यापारी आणि मंडळीचा पंच होता. मजूर रुई चोरतात असा त्याला संशय असे. म्हणून दुपारी गोदामाला बाहेरून कुलूप घालून, किल्ली खिशात टाकून तो जेवायला जाई. त्या दुपारी आत एलीया नावाचा मजूर रुईच्या गासड्या रचीत होता. तोही याच मंडळीतला. किल्ली येईपर्यंत धुराने आपले काम उरकले होते.

शिष्य एलीयाच्या घरी गेला. त्याची बायको सगुणा भिंतीला टेकून बसली होती. शिष्य जवळ बसून मायेने म्हणाला, "ताई, रडू नका. तो प्रभूच्या घरी गेला. तिथं ना आग, ना धूर."

सगुणाने वर पाहिले. "तिथलं दार तरी उघडं असतं का?" तिने विचारले.

शिष्य हात जोडून उठला. तो बाहेर आला तेव्हा व्यापारी अंगणाबाहेर उभा होता. त्याने शिष्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या अंत्यविधीचा संदेश तुम्हीच द्या. म्हाताऱ्यांना आता झेपत नाही. कामावरच्या पोरांची डोकी तापलीत, त्यांना स्वर्गाच्या चार गोष्टी सांगा. गेलेला सुखात आहे म्हटलं, की मागचे शांत होतात."

दुसऱ्या दिवशी शिष्य फार सुंदर बोलला. ज्या नगरात अश्रू नाहीत, मृत्यू नाही, त्याचे त्याने असे वर्णन केले की तापलेली पोरेसुद्धा माना खाली घालून बसली. व्यापाऱ्याने पहिल्या बाकावरून समाधानाने मान हलवली.

कबरस्तानात मात्र वेगळेच घडले. पेटी खाली सोडण्याआधी वृद्ध पाळक पुढे झाले आणि म्हणाले, "झाकण काढा."

लोक चपापले. झाकण निघाले. पाळकांनी वाकून एलीयाचा हात हातात घेतला. दारावर मूठ आपटून आपटून त्याची बोटे फुटली होती, नखे गेली होती. "एलीया, पुन्हा भेटू," ते म्हणाले आणि बाजूला झाले. मग त्यांनी सगुणाला बोलावले. तिने तो हात गालाला लावून धरला. पाळकांनी तिला घाई केली नाही. तिच्यामागून आप्त आले, सोबतचे मजूर आले. प्रत्येकाने तो हात धरला, तेच शब्द उच्चारले.

"आता तुम्ही या, शेठ," पाळक म्हणाले.

व्यापारी दोन पावले पुढे आला. त्याने तो हात पाहिला. मग रुमालाने तोंड पुसत म्हणाला, "बंद करा आता. बायामाणसं घाबरतील."

"तुम्ही मंडळीचे पंच. मेलेले उठतील, असं दर रविवारी आमच्यासोबत म्हणता. एवढंच त्याला सांगा."

व्यापारी वळला आणि कोणाकडेही न पाहता फाटकाबाहेर गेला. पाळकांनी झाकण लावून घेतले आणि विधी पुरा केला.

परतताना शिष्य रागावलेला होता. "बाबा, दुःखाच्या जागी तुम्ही एका माणसाला चारचौघांत लाजवलंत. ही का आपली आशा?"

वृद्ध पाळक चालता चालता थांबले. मग म्हणाले, "प्रभू कबरेतून उठला, तेव्हा त्याचे हात कसे होते?"

"खिळ्यांचे व्रण होते."

"ज्यानं त्याला मरणातून उठवलं, त्याला ते व्रण पुसणं अवघड होतं का? पण पुसले नाहीत. त्या व्रणांवरूनच आपल्या माणसांनी त्याला ओळखलं. एलीयाही उठेल. त्याचे हात दुखणार नाहीत, पण ते त्याचेच हात असतील. तू सकाळी खोटं काही बोलला नाहीस, बाळा. पण तू त्याला इतका दूर पाठवलास, की शेठला त्याचं भय उरलं नाही आणि सगुणाला त्याची वाट पाहणं. जो उठणार आहे, तो भेटणारही आहे. एवढं खरं मानणारा माणूस दाराला कुलूप घालताना थबकतो."

यानंतर कोणाचे डोळे उघडले, असे सांगता आले असते तर बरे झाले असते. चौकशीत आगीचा दोष विजेच्या तारांवर गेला. पाळकांचे वय झाले आहे, त्यांनी आता विश्रांती घ्यावी, असे पंचांनी एकमताने ठरवले. गोदाम पुन्हा उभे राहिले. त्यात सगुणा रुईतला कचरा वेचण्याच्या कामाला लागली, कारण गावात दुसरे काम नव्हते.

एके दुपारी शिष्य तिला जिनिंगच्या फाटकाशी भेटला. तिच्या केसांत कापसाचे तंतू अडकले होते. तिनेच विषय काढला. "पाळकबाबा त्या दिवशी म्हणाले ते खरं आहे का? उठतील का हे?"

शिष्याच्या ओठांवर पुष्कळ वचने आली. ती त्याने गिळली. "उठतील," एवढेच तो म्हणाला.

"आणि मालक?"

"तेही."

सगुणा फाटकाच्या गजाला धरून उभी राहिली. आत भोंगा वाजला. "मग बरं," ती म्हणाली आणि कामावर गेली.