मेसची चूल

“एक दिवस मंडपात येऊन बसाल का, बाबा?”

सुमेध गवारेने हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीरबाबा कांदे चिरत होते. गावाबाहेरच्या त्यांच्या तकियात, फकिराच्या त्या मठीत, दुपारी जो येईल त्याला डाळ-भाकरी मिळायची, आणि सोबतचा कांदा बाबा स्वतः चिरायचे.

सुमेध शेतकी कॉलेजातल्या मुलांचा पुढारी. त्याच्या उपोषणाचा आज पाचवा दिवस. ओठ फुटले होते, आवाज बसला होता, पण मान ताठ.

“तुम्ही आलात की पेपरवाले येतील. मग प्राचार्यांना ऐकावंच लागेल.”

“मागणी काय?”

“होस्टेलच्या मेसमधल्या नऊ बायका. पंधरा वर्षं रोजंदारीवर राबतायत. त्यांना कायम करा, एवढंच.”

“मागणी खरी आहे.”

सुमेध खुलला. “आम्ही अकरा जण उपोषणावर आहोत. बाकीच्या सहाशे मुलांनी मेसवर बहिष्कार टाकलाय. पाच दिवसांत कुणी तिथल्या अन्नाला हात लावलेला नाही.”

ती सहाशे मुलं गेटबाहेरच्या गाड्यावर मिसळ खात होती, हे त्याने सांगितलं नाही. अशा गोष्टी कुणी सांगत नसतं.

“आणि चूल?”

“थंडगार!” तो अभिमानाने म्हणाला.

बाबांची सुरी थांबली...

“मग त्या बायका कुठे आहेत?”

“घरी असतील. त्यांच्यासाठी आम्ही लढतोय ना! त्यांना कशाला त्रास?”

बाबांनी कांद्याची परात उचलून त्याच्या हातात दिली. मागे पंगत बसली होती.

“वाढ.”

पाच दिवसांच्या उपाशी माणसाला वाढायला लावायचं! सुमेधला संताप आला. पण परात हातात होती, आणि लोक वाट बघत होते. तो वाकून वाढत निघाला. पाचव्या ताटापाशी त्याचा हात तसाच राहिला.

“कौसामावशी?... तुम्ही इथे?”

मेसमध्ये भाकऱ्या थापणाऱ्या कौसाबाईंनी घाईने पदर पुढे ओढला.

“काय करावं लेकरा. चूल पेटली न्हाई की हजेरी न्हाई. हजेरी न्हाई तर...” त्या थांबल्या. “बाकीच्या बी हायेत. त्या बघ, भिंतीकडं तोंड करून बसल्यात. तुला दिसू नये म्हणून.”

सुमेधने पाहिलं. भिंतीकडे तोंड केलेल्या आठ पाठी.

तो मटकन खाली बसला. कांदे मातीत सांडले.

“मावशी... आम्हाला सांगायचं तरी!”

“आल्ते की परवा. मांडवाच्या दोरीपाशी तुमच्या पोरांनी अडवलं. म्हणली, मावशी, आत भाषणं चालू हायेत, मग या.”

परवा भाषण त्याचंच चालू होतं. या बायकांच्या हालांवर तो पाऊण तास बोलला होता, आणि टाळ्या थांबत नव्हत्या.

“राग न्हाई रं तुझ्यावर,” कौसाबाई म्हणाल्या. “आमच्यासाठी आजवर कोण उपाशी ऱ्हायलंय?”

त्यांनी आपली भाकरी मोडली, डाळीत बुडवली आणि घास त्याच्या तोंडापुढे धरला.

“तोंड बघ कसं सुकलंय. घे.”

सुमेध थिजून बसला. घेतला तर मागणी बुडाली. नाही घेतला तर उद्याही चूल थंड...

“बाबा!” तो जवळजवळ ओरडलाच. “मी काय करू? उपोषण सोडू, की चालू ठेवू? सांगा ना!”

बाबा मातीतले कांदे वेचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मला काय विचारतोस? मी तर जेवलोय.”