बुगडीचा रकाना

“मग कोणतं पॅकेज वापरू, सर? एवढं एकच सांगा. बाकी काही नको.”

काझी सरांनी मान वर केली नाही.

“ही पट्टी धर,” ते म्हणाले.

वैजयंती ढोबळेनं पट्टी धरली. जरा जास्तच दाबून धरली. सकाळपासूनचा राग कुठेतरी काढायचा होताच.

सरांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. पशुवैद्यक महाविद्यालयात तीस वर्षं त्यांनी संख्याशास्त्र शिकवलं, वैजयंतीलाही, आणि आता ते गावातल्या वाचनालयाला वह्या आखून देतात. हात थरथरतो. एका हातानं पट्टी धरून दुसऱ्यानं रेघ ओढायला गेलं की पट्टी सरकते. म्हणून जो भेटायला येईल त्याला ते पट्टी धरायला बसवतात. एकदा कुठल्याशा प्राचार्यांनी अर्धा तास पट्टी धरली होती म्हणे, आणि चहा पिऊन मुकाट्यानं निघून गेले होते.

वैजयंतीला प्राचार्यांइतका वेळ नव्हता.

आज बुधवार. शुक्रवारी प्रबंध जमा करायचा. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. शुक्रवार हुकला की चार वर्षं पाण्यात. तीन तास एसटीत बसून, मांडीवर लॅपटॉप सांभाळत ती आली होती, ती काही वाचनालयाच्या वह्या आखायला नव्हे.

तिच्या संशोधनातला प्रश्न साधा होता. शेळीच्या करडांना क्षारांची एक पुडी रोज चारली तर वजन वाढतं का? चार गावं, एकशेवीस करडं. साठांना पुडी, साठांना नाही. नव्वद दिवस. उत्तर झकास आलं होतं. पुडीवाली करडं चांगली भरली होती. प्रबंध मान्य झाला की चाळीस गावांत पुड्या वाटायच्या, असंही वर ठरून गेलं होतं.

आणि परवा संगणकानं आपण होऊन पॅकेज नवं करून घेतलं.

पॅकेज म्हणजे काय, ते तिनं सरांना आल्या आल्या समजावून सांगितलं होतं. वयस्कर माणूस म्हणून जरा सावकाशच. आकडेमोडीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात जे नसतं ते जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेलं असतं, तेही फुकट. एखादं उतरवून घ्यायला जावं तर ते आणखी अकरांना बरोबर घेऊन येतं. एकाला जेवायला बोलवावं आणि त्याची चुलत भावंडंसुद्धा पाटावर येऊन बसावीत, त्यातला प्रकार. त्यांतल्या काहींचं एकमेकांशी पटत नाही. दुसरं आलं की पहिलं बिघडतं. तिच्याकडे अशी एकशे त्रेचाळीस जमली होती.

सरांनी सगळं ऐकून घेतलं होतं. ही पॅकेजं जी गणितं करतात, ती सर कागदावर हातानं करत आले होते, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

“जुनं कसं मुकाट चालायचं,” ती म्हणाली. “नवं चालतच नाही. म्हणून दोन दिवसांत आणखी नऊ घालून बघितली. तीन म्हणतात पुडीचा फायदा आहे. चार म्हणतात नाही. दोन अर्ध्यातच बंद पडली. डोकं फिरायची वेळ आलीय, सर.”

सरांनी रेघ ओढली. पट्टी दोन बोटं पुढे सरकवली.

“तुझे मार्गदर्शक काय म्हणतात?”

“म्हणतात, जे चालेल ते वापर.”

“हं.”

दुसरी रेघ. मग तिसरी…

“नवं का चालत नाही?”

“एरर येते.”

“काय म्हणते?”

“तांबड्या अक्षरांत काहीतरी येतं. नेहमीचंच.”

“वाचलंस?”

…

आता यात वाचायचं काय? चार वर्षांत तिनं शेकडो वेळा ती तांबडी अक्षरं बघितली होती. ती उचलायची, इंटरनेटवर टाकायची, कुणीतरी कुठल्यातरी देशात उपाय लिहून ठेवलेला असतो, तो आणून चिकटवायचा. अख्ख्या विभागात असंच चालायचं. परवापासून मात्र एकही उपाय चिकटत नव्हता.

“वाच,” सर म्हणाले. “मराठीत सांग.”

तिनं पट्टी सोडली, लॅपटॉप उघडला. वाचायला लागली ती वैतागून, आणि शेवटी शेवटी आवाज जरा उतरला.

“शेवटच्या वजनाच्या रकान्यात सतरा जागा रिकाम्या आहेत. त्यांचं काय करायचं ते सांगा. सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.”

“चांगला प्रश्न आहे,” सर म्हणाले. “तू का रागावलीस?”

वैजयंतीला संताप आला. प्रश्न चांगला असेल, पण तो बुधवारी कशाला विचारायचा?

“जुनं काय करायचं?” सरांनी विचारलं.

“रिकाम्या ओळी वगळायचं.”

“न विचारता?”

“सूचना द्यायचं… पण ती दिसायची नाही.”

का दिसायची नाही, ते सांगताना तिला थोडं अवघडल्यासारखं झालं. पहिल्याच वर्षी वरच्या वर्गातल्या एकानं तिला एक ओळ दिली होती. ती फाइलच्या सगळ्यात वर लिहिली की कुठलीही सूचना पडद्यावर येतच नाही. विभागात सगळ्यांच्या फाइलींच्या डोक्यावर ती ओळ असते, पत्रिकेच्या माथ्यावर श्री असतो तशी. तिनंही पुढच्या दोघींना दिली होती.

सरांनी पट्टी पुसून बाजूला ठेवली. तेच तिला जास्त लागलं.

“सर, रिकाम्या जागा सगळ्यांच्याच असतात,” ती म्हणाली. “एकशेवीसात सतरा. त्या सोडल्या तरी एकशेतीन उरतात. तेवढी पुष्कळ झाली. मला फक्त न अडणारं पॅकेज सांगा. मी संध्याकाळच्या गाडीनं जाते.”

“मूळ वही आणलीस?”

आणली होती. प्रबंधाबरोबर जोडावी लागते म्हणून. लांबट, तेलकट पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली वही. ती सुंद्राबाईंची. सुंद्राबाई म्हणजे त्या चार गावांतल्या पशुसखी, दारोदार जाऊन शेळ्यांची देखभाल करणाऱ्या. नव्वद दिवस तागडी घेऊन करडं त्यांनीच तोलली. वैजयंती महिन्यातून एकदा जायची आणि वहीच्या पानांचे फोटो काढून आणायची. ते फोटो बघून आकडे कुणी दुसऱ्यानंच संगणकात भरले होते.

“नावं वाच,” सर म्हणाले.

“नावं संगणकात घेतली नाहीत, सर. नंबर आहेत.”

“वहीत?”

वहीत होती. सुंद्राबाईंनी नंबराच्या आधी प्रत्येक करडाचं नाव लिहिलं होतं. वैजयंतीला तेव्हाही त्याचं हसू आलं होतं.

आणि आता हे काय चाललंय, तेही तिला कळलं. वर्गात सर हजेरी घ्यायचे. जो आला नसेल तो का आला नाही, हे कुणीतरी सांगेपर्यंत फळ्याकडे वळायचे नाहीत. साठ जणांचा वर्ग दहा-दहा मिनिटं ताटकळत बसायचा. अभ्यासक्रम पुरा होत नाही म्हणून तिनंच एकदा तक्रारअर्जावर सही केली होती.

“हरणी,” तिनं वाचलं. “नव्वदावा दिवस, साडेदहा किलो.”

“हजर.”

“लवंगी. अकरा किलो.”

“हजर.”

“चांदणी… इथं रिकामं आहे.”

सर थांबले.

“पुढचं वाचू?”

“चांदणी का आली नाही?”

“मला कसं माहीत असणार, सर?” तिचा आवाज चढला.

“कुणाला माहीत आहे?”

…

हा माणूस आपल्याला शुक्रवार गाठू देत नाही, असं मनाशी म्हणत तिनं फोन लावला. सरांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. सुंद्राबाई कुठल्यातरी गोठ्यात असाव्यात. मागे शेळ्या ओरडत होत्या.

“मावशी, वहीत चांदणीचं शेवटचं वजन नाही. बुगडीचंही नाही. का?”

“कसं आसंल ताई? मेल्या की त्या.”

“कशानं?”

“पुडीनं. समद्यास्नी न्हाई बाधली. ज्यास्नी बाधली त्यास्नी हगवन लागायची, चार-पाच दिसांत खेळ खलास. बुगडी तर तिसाव्या दिसापातूर नुसती नाचायची. पस्तिसाव्याला गेली.”

“मला सांगायचं नाही का, मावशी?”

पलीकडे सुंद्राबाईंनी एका शेळीला हाकललं.

“सांगितलं व्हतं की. फोनवर. तुमीच म्हनला, मावशी, तक्त्यात तेवढा रकाना न्हाई, तुमी वजन तेवढं लिवा. मेलेल्याचं वजन काय लिवू? म्हून मोकळं सोडलं.”

वैजयंतीला आठवलं. ती तेव्हा बसस्टँडवर उभी होती, गाडी लागली होती. खरंच तसं म्हणाली होती. त्यात तिला काही वावगंही वाटलं नव्हतं.

“आन ताई, पुड्या कवा येनार? ज्यांची जगली त्यांची लई गुबगुबीत झाल्यात. बाया रोज इचारत्यात.”

“कळवते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं वहीवरून बोट फिरवायला सुरुवात केली. चांदणी. बुगडी. पैंजण. काळुंद्री… सतरा नावं. ज्याला पुडी दिली त्याच्यापुढे सुंद्राबाईंनी छोटी फुली केली होती. तिनं फुल्या मोजल्या. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजल्या.

चौदा.

ज्या आकडेमोडीनं पुडीचा फायदा सिद्ध केला होता, तिनं आधी पुडीनं मारलेली बाजूला काढली होती आणि उरलेल्यांना तोललं होतं. कुठलीही एरर न येता. छान तक्ते आले होते, आलेखही रंगीत होते.

तिला सुंद्राबाईंचा राग आला. मग जुन्या पॅकेजचा. मग ती ओळ देणाऱ्याचा. समोर शांत बसलेल्या सरांचा तर फारच आला. सगळ्यांचा करून झाला आणि तो कुठेच टिकेना. उरली ती तीच, बसस्टँडवर फोन कानाला लावलेली.

“तुम्हाला आधीच कळलं होतं ना, सर?”

“नाही,” सर म्हणाले. “मला फक्त सतरा आल्या नाहीत एवढंच कळलं होतं.”

…

“हे लिहिलं तर शुक्रवार गेला. मार्गदर्शक सही करणार नाहीत. सगळं पहिल्यापासून मांडायचं म्हणजे मुदत गेली, नोंदणी गेली.”

सर ऐकत होते.

“आणि नाही लिहिलं तर…” ती बोलायची थांबली. चाळीस गावं तिनं एकेक करून बघितलेली नव्हती, पण जी चार बघितली होती तिथली दारं तिला आठवत होती.

चहा आला, तसाच निवला.

“आणि हे बसवू कुठे, सर?” शेवटी ती म्हणाली. आवाजात अजून थोडी चीड होतीच. “एकशेबावन्न पॅकेजं झालीत माझ्याकडे. मेलेल्यांचा रकाना मी कुठंच ठेवलेला नाही. आता सांगा, कोणतं पॅकेज घेऊ?”

काझी सरांनी वाचनालयाची वही मिटून बाजूला ठेवली. सुंद्राबाईंची वही पुढे ओढली. शेवटच्या वजनानंतर उजव्या कडेला दोन बोटं कोरी जागा होती. तिथं त्यांनी पट्टी उभी ठेवली आणि दोन्ही हातांनी दोन्ही टोकं दाबून धरली. हात थरथरत होते. पट्टी हलत नव्हती.

पेन्सिल तिच्यापुढे पडली होती.

“पट्टी मी धरतो,” सर म्हणाले. “रेघ तू ओढ.”