नीटनेटकं करणारं साधन

पूर ओसरल्यावर सापडलेल्या बेवारस मृतदेहांचे फोटो सरकारी संगणकात ठेवले होते. नातेवाईक येत आणि हातावरच्या गोंदणावरून आपलं माणूस ओळखत. साठवणीला जागा कमी पडू लागली, म्हणून तिथल्या एआय मदतनिसाला जागा करायला सांगितलं. त्याच्या हाताशी 'आवराआवर' नावाचं साधन होतं. त्या साधनाच्या माहितीत एवढंच लिहिलं होतं, 'साठवण नीटनेटकी करते.' मदतनिसाने ते चालवलं आणि एका तालुक्याचे सगळे फोटो कायमचे पुसले गेले.

लेकीला शोधत आलेल्या भागूबाई रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या तालुक्यांवरही तेच साधन चालणार होतं. फोटोंचं काम सांभाळणाऱ्या सुनंदा तांबोळींनी संचालक खानविलकरांना गाठलं.

"साहेब, त्या साधनाची माहिती बदलू द्या."

"तांबोळीबाई, ती मी स्वतः लिहिलीय. 'पुसते' असं लिहिलं की वरच्यांना वाईट दिसतं. मशीनच मूर्ख निघालं. 'नीटनेटकी करते' यात न समजण्यासारखं काय आहे?"

"काहीच नाही," म्हणत सुनंदाताई त्यांच्या कीबोर्डकडे वळल्या. "मग तुमचाही संगणक नीटनेटका करते. तेच साधन लावते."

खानविलकरांनी झडप घालून कीबोर्ड ओढला. "अहो, थांबा! सगळं पुसलं जाईल, परत काही मिळणार नाही! आधी मला विचारायचं!"

"एवढंच लिहायचं राहिलंय, साहेब. पुन्हा सांगा, मी टाइप करते."

खानविलकरांनी मान खाली घालून तेच शब्द पुन्हा सांगितले. नवी माहिती वाचून मदतनिसाने साधन चालवण्याआधी विचारलं, आणि उरलेल्या तालुक्यांचे फोटो वाचले.