माकडाचे दही आणि सशाचे पोट

सागाच्या जंगलाच्या कडेला गवळ्यांची वस्ती होती, आणि त्या वस्तीवर डोळा ठेवून एक माकड राहत असे. एकदा कच्ची उंबरे खाऊन त्याचे पोट बिघडले. तशातच त्याने गवळ्याचे दह्याचे मडके पळवले, आणि काय सांगू मुलांनो, दोन दिवसांत स्वारी ठणठणीत! झाले, माकड वैद्य बनले. "पोटाचं काहीही असो, एक करवंटी दही घ्या," असे ते येईल त्याला सांगू लागले.

जवळच्याच झुडपात एक ससा-आई आपल्या पिल्लाला घेऊन राहत होती. सशांची एक जुनी रीत आहे. आईच्या मऊ मऊ लेंड्या पिल्लांनी खायच्या. का, ते त्यांनाही ठाऊक नाही. माकडाने एकदा हे पाहिले आणि नाक दाबून ते ओरडले, "शी शी! लेंड्या भरवतेस लेकराला? लाज नाही वाटत?" बिचारी आई लाजेने अर्धी झाली. त्या दिवसापासून ती लेंड्या मातीत पुरू लागली.

पिल्लू तेव्हा नुकतेच दुधावरून गवतावर आले होते. पण खाल्लेले गवत त्याला पचेना. पोट टम्म फुगले, खाणे सुटले. आई घाबरून माकडाकडे धावली. "वैद्यबुवा, काहीही करा, पण माझं लेकरू वाचवा हो!" माकडाने करवंटीभर दही पाजले. दुसऱ्या दिवशी पिल्लू आणखी मलूल झाले. "कमी पडलं असेल," म्हणून माकडाने दोन करवंट्या पाजल्या. आता तर पिल्लाला मानही उचलवेना.

माकडाचे डोके चक्रावले. दही तेच, मडके तेच, मग हे असे कसे? त्याने कावळ्याला गाठले. कावळ्यानेही पोटदुखीवर तेच दही खाल्ले होते. "चव छान होती," कावळा म्हणाला, "पण पोटात ना बरं वाटलं, ना वाईट." आता घ्या! एकाला गुण, एकाला काहीच नाही, आणि एकाचा जीव चाललेला. माकडाने स्वतः दही चाटून पाहिले. ते चांगलेच होते! त्यामुळे तर माकड आणखीच गोंधळले.

पाणवठ्यावर एक म्हातारी गवी रवंथ करीत बसली होती. पिल्लाला पाठीवर घेऊन आई आणि माकड तिच्याकडे गेले. सगळे ऐकून तिने माकडाला विचारले, "तुझ्या पोटात कोण राहतं?"

"पोटात कोण राहणार, आजी? मी खाल्लेली फळं!"

"अरे, डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव राहतात तिथं. प्रत्येकाच्या पोटात त्यांचं निराळं गाव. दह्यातही तसलेच जीव असतात, पण ते पाहुणे. तुझ्या गावात त्यांनी पडझड सावरली नि ते निघून गेले. कावळ्याच्या गावात त्यांना कुणी विचारलंच नाही. या पिल्लाच्या पोटात तर गवत पचवणारे गावकरी अजून आलेलेच नाहीत. तिथं पाहुणे काय करणार? उलट दाटीच झाली."

"मग ते गावकरी येतात तरी कुठून?" आईने रडत विचारले.

"तुझ्याच पोटातून, बाई. लेंड्यांमधून."

"अगं बाई! आणि मी त्या रोज पुरत होते!" आई पिल्लाला घेऊन घराकडे पळत सुटली.

पुन्हा लेंड्या खाऊ लागल्यावर पाचव्या दिवशी पिल्लाने गवताची एक काडी कुरतडली. आईच्या डोळ्यांना धार लागली. "दुसऱ्याच्या हसण्याला लाजले, नि लेकराला गमावून बसणार होते मी," ती म्हणाली.

माकडाचा घोळ मात्र मिटेना. ते पुन्हा पाणवठ्यावर गवीकडे गेले. "आजी, दही चांगलं की वाईट? एक काय ते सांगा!"

"मला तरी कुठे सगळं कळतं?" असे म्हणून गवी चरायला निघून गेली.

माकड घरी परतते तोच एक अस्वल पोट धरून आले. "वैद्यबुवा, लवकर दही द्या!" माकडाने करवंटी भरली, उचलली, पुन्हा खाली ठेवली. बराच वेळ डोके खाजवले. मग वैद्य झाल्यापासून पहिल्यांदाच ते रोग्यासमोर नीट बसले आणि म्हणाले, "आधी सांग बाबा, तुमच्याकडे काय काय खातात?"

तात्पर्य : आपल्याला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला देण्याआधी त्याची रीत समजून घ्यावी, आणि जी रीत आपल्याला कळली नाही तिला नावे ठेवू नयेत.