तीन खुणा आणि एक सांधा

फार पूर्वी खाडीकाठच्या एका गावात होड्या बांधणारे तिघं राहत होते. सुतार फळ्या जोडायचा, राळवाला फळ्यांमधल्या सांध्यात कापूस ठोकून वर राळ भरायचा आणि मुकादम दोघांवर लक्ष ठेवायचा. तिघंही कामाला वाघ. पण कोणतं काम उरलंय हे लक्षात कसं ठेवायचं, यावर मात्र तिघांची तीन तोंडं.

सुतार होडीवरच गेरूची खूण करायचा आणि काम झालं की ती पुसायचा. राळवाल्याकडे एक दोरी होती. जितकी कामं तितक्या गाठी. काम झालं की गाठ सोडायची. मुकादमाने तर जत्रेतून एक सागवानी फळा आणला होता. त्यावर खुंट्या, खुंट्यांना रंगीत चकत्या. काम झालं की चकती उलटी करायची. या फळ्याला तो रोज तेल लावायचा. इतकं तेल त्याने स्वतःच्या डोक्यालाही कधी लावलं नव्हतं.

कुणाचं मन मोडायला नको म्हणून मुकादम म्हणाला, "तिन्ही वापरू. तीन ठिकाणी नोंद असली म्हणजे चुकायची भीतीच नाही."

तेव्हापासून रोज कामातल्या शेवटच्या दोन घटका खुणा, गाठी आणि चकत्या जुळवण्यात जायला लागल्या.

त्या वर्षी त्यांच्याकडे गावच्या नावाडणीची होडी होती. तिची जुनी होडी कुजून गेली होती. पलीकडच्या काठावर सुईण राहायची आणि नावाडणीच्या लेकीला नववा महिना लागला होता. खाडीला वळसा घालून यायचं तर सुईणीला पुरता दिवस लागला असता. "नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात हवी," नावाडीण रोज येऊन सांगायची, आणि मुकादम रोज फळा दाखवून म्हणायचा, "काळजी करू नका ताई, सगळं इथे आहे."

एक दिवस सुताराने होडीच्या मागच्या फळ्या जोडल्या आणि आपलं काम झालं म्हणून त्या सांध्याची चकती उलटी केली. राळवाल्याने ती पाहिली. 'म्हणजे हा सांधा मी भरलाय, गाठ सोडायची तेवढी विसरलो,' असं म्हणत त्याने गाठ सोडली. मुकादमाने सुटलेली गाठ पाहिली आणि गेरूची खूण पुसायला घेतली. एका हातात दोरी, नजर दोरीवर, आणि दुसऱ्या हातातलं ओलं फडकं त्या उघड्या सांध्यावरून फिरलं.

तिन्ही नोंदी जुळल्या. सांध्यात कापूस मात्र नव्हता.

पौर्णिमेला चार दिवस उरले असताना होडी पाण्यात लोटून पाहिली. नावाडीण आत बसली आणि बघता बघता तिच्या घोट्यापर्यंत पाणी आलं. होडी ओढून वर घेतली. नावाडीण पलीकडच्या काठाकडे बघत राहिली.

"माझी चकती बरोबर आहे," मुकादम म्हणाला.

"माझी गाठ सुटलेली आहे," राळवाला म्हणाला.

"खूणही पुसलेली आहे की," सुतार म्हणाला.

मुकादमाने डोकं खाजवलं. "आपण एक चौथी वस्तू आणू या का? या तिन्ही जुळतात की नाही ते सांगणारी?"

तेव्हा नावाडीण बोलली. "दादा, तुम्ही एकमेकांच्या खुणा बघत बसलात. माझ्या होडीकडे कुणी बघितलं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी तिघांची गत झाली होती.

"यातलं एकच ठेवा," ती म्हणाली. "कुठलं ठेवायचं ते तुम्ही ठरवा. मला चार दिवसांत होडी हवी."

मुकादमाने आपल्या तेल पाजलेल्या फळ्याकडे पाहिलं. त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. मग त्याने एकेक खुंटी उपटली. "गेरू ठेवू," तो म्हणाला. "खूण बघायला गेलं की कामही दिसतं. आणि जो काम पुरं करील त्यानेच सांध्यावर बोट फिरवून ती पुसायची. मीसुद्धा दुसऱ्याची खूण पुसणार नाही."

मग तिघांनी पहिल्यापासून एकेक सांधा बोटाने तपासला. आणखी एक अर्धवट भरलेला सापडला. रोजच्या त्या दोन घटका मोकळ्या झाल्या होत्या, त्या कापूस ठोकण्यात गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी होडीवर गेरूचा ठिपकाही उरला नाही. नारळ वाहिला आणि होडी पाण्यात गेली.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी नावाडणीच्या लेकीला कळा सुरू झाल्या. नावाडीण पलीकडे गेली आणि सुईणीला घेऊन आली. सुईण बसली होती ती मुकादमाच्या सागवानी फळ्यावर. त्याची होडीत बैठक झाली होती. काठावर राळवाल्याच्या दोरीने होडी बांधली आणि सुईण उतरून झपझप घराकडे निघाली. मुकादम तिच्या पावलांकडे बघत होता. पावलं कोरडी होती.

दुपारी नावाडणीला नात झाली.

तात्पर्य: नोंदी जुळल्या म्हणून काम झालं असं होत नाही. खूण एकच ठेवावी, कामाच्या जागी ठेवावी, आणि ज्याने काम केलं त्यानेच ती पुसावी.