ठमानं रानाची नावं फोडली

फार फार वर्षं झाली. कुंभ्या डोंगराच्या पायथ्याला गोमा नावाचा म्हातारा राहायचा, त्याची विधवा सून ठमा राहायची, आणि ठमाची एकुलती लेक कोंडी. गोमा झाडपाल्याचं औषध द्यायचा. घराण्याची रीत अशी, की रानात जायचं ते तोंड मिटून. झाडाचं नाव उच्चारलं की गुण गेला. ठमा त्याच्या मागं पाटी घेऊन जायची. बघून बघून तिला सगळं रान पाठ झालं.

एका साली तापाची साथ आली. गोमाच अंथरुणाला खिळला. बारा वाड्या दाराशी आल्या, आणि पाला ओळखणारी ठमा एकटी. ती म्हणाली, "उद्या सगळे रानात चला. दाखवते."

"सूनबाई, नाव फोडू नकोस," गोमा कण्हला. "ताप पहिला घास आपल्याच घरातला घेईल."

"मामंजी, गुण पाल्यात हाय का आपल्या मिटल्या तोंडात?"

आणि निघाली. मागं अख्खं गाव. एका वेलीपाशी थांबून तिनं हाक दिली, "गुळवेल! पानावर जाऊ नका, फसाल. वरची वाळकी साल खरवडा, आत हिरवीगार."

"आमच्या सारजेसारखी," गर्दीतला एक गडी शेजारच्या बायकोकडं बघत बोलला.

सारजा फणकारली, "मला खरवडून बघा, मग कळंल!"

सगळं रान हसलं. ठमा ज्याचं नाव घेई, त्या झाडाचं पान वारा नसताना हले, असं म्हणतात. दिवसभरात शंभर नावं झाली. संध्याकाळी घरी आली, तर कोंडी तापानं फणफणलेली. पोर गळ्यातले हात सोडेना. कुठला पाला उकळायचा ते सांगायला ठमानं तोंड उघडलं, पण ओरडून ओरडून घसा बसलेला. शब्द फुटेना.

"गेला गुण," गोमा म्हणाला. दारात जमलेली माणसं त्या दिवशीच्या पाल्याचा हातातला काढा खाली ठेवू लागली.

तेवढ्यात सारजा वेल घेऊन आली. तिनं साल खरवडली, हिरवं दिसलं तशी ठेचून उकळली, आणि कोंडीला पाजली. दोन दिवस दारातून कुणी हललं नाही. तिसऱ्या दिवशी पोरीला दरदरून घाम फुटला, आणि तिनं भाकरी मागितली.

गोमानं आपली वाटी पुढं केली. "मलाही दे सारजे. पण आधी नाव सांग."

"गुळवेल!" सारजा अशी ओरडली, की डोंगरानं तीनदा उत्तर दिलं, असं म्हणतात.

अजून आखाडात अख्खं गाव रानात जातं. सगळ्यांत म्हातारी बाई झाडावर हात ठेवते, पोरंसोरं नाव घेतात. जो तोंड मिटून राहील, त्याला मागं धाडतात. या रीतीला 'ठमाची हाक' म्हणतात.

आणि कोंडी? तिला पाच लेकी झाल्या, पाच वाड्यांत नांदल्या. एकीच्याही घरातलं लेकरू तापानं गेलं नाही. आज त्या वंशाच्या चुली मोजायला बसलात, तर दिवस पुरायचा नाही.