नीलगायीचा हुंकार

पाणवठ्याला कुंपण म्हणजे काय, हे रानात कुणालाच ठाऊक नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. सिंहाचा कारभारी कोल्हा जनावरांना वडाखाली जमवायचा आणि राजाचा नवा बेत सांगायचा. नीलगाय त्याच्या प्रत्येक वाक्याला "हं" म्हणायची. आईच्या गोष्टी ऐकताना लागलेली सवय, दुसरं काय! तिचं ऐकून बाकीचेही "हं, हं" करायचे.

एका सकाळी ती पाणवठ्यावर आली आणि जागीच थिजली. चहूबाजूंनी काटेरी कुंपण! आत सिंहाचे पाहुणे डुंबत होते आणि बाहेर कोल्हा पहारा देत होता.

"कारभारी, हे काय?"

"अहो, तुम्हीच तर होकार दिलात! मी वाक्यावाक्याला थांबत होतो, तुम्ही हं म्हणत होता."

"ते ऐकतेय म्हणून हो! पटलं म्हणून नव्हे!"

"राजाच्या कानावर नुसता हं जातो, बाई."

पुढच्या सभेआधी नीलगायीने सगळ्यांना बजावलं, "चकार शब्द काढायचा नाही." कोल्ह्याने ओढा अडवायचा बेत सांगितला. रान चिडीचूप.

"वा! म्हणजे कुणाचीच हरकत नाही," म्हणत कोल्हा खुशीत निघाला.

नीलगाय हादरली. गप्प बसलं तरी तेच?

"नाही!"

वडावरची पाखरं भुर्रकन उडाली. कोल्हा वळून बघतच राहिला. पण सगळ्यांत जास्त दचकली ती नीलगायच. हा शब्द आपल्याला येतो, हे तिला आजवर माहीतच नव्हतं.